मोटरसायकलचं इंजिन, चार चाकं आणि मिठाचं मैदान

आम्ही चौघांनी तीन हिवाळे खपून बांधलेली गाडी पहिल्या वर्षी बॉनव्हिलच्या मिठावर एक इंचही धावली नाही. बॉनव्हिल म्हणजे अमेरिकेतलं मिठाचं सपाट मैदान, तिथं एकेक गाडी सरळ रेषेत पळवून वेगाचं रेकॉर्ड करायचा खेळ चालतो. तपासणीच्या रांगेत तपासनीसानं सीटबेल्टचं लेबल उलटं केलं, तारीख वाचली आणि फॉर्मवर रेघ मारली. पट्टे कोरे होते, आठवड्यापूर्वी पिशवीतून काढलेले. पण दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला होता, आणि लेबल वाचायचं आम्हाला सुचलं नव्हतं. बदली पट्टे मिळेपर्यंत दिवस गेला. मग चेनवरच्या आडोशाचा पत्रा पातळ निघाला. तो जाड करून आणला, तोवर रात्री पाऊस झाला आणि मैदानात घोटाभर पाणी साचलं. इंजिन मात्र झकास होतं. शेजारच्या तंबूतले लोक त्याचा आवाज ऐकायला यायचे.

माझं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात गेलं, त्यामुळे इंजिन जमलं की गाडी जमली हा भ्रम माझ्या रक्तातच होता. या खेळात इंजिन हे सगळ्यात सोपं आणि बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त अंग आहे. खालचा क्रम त्याच अनुभवातून आलाय. बाइकचं इंजिन टाकून छोटी गाडी बांधायची आणि ताशी १५० ते २०० मैलांच्या, म्हणजे २४० ते ३२० किलोमीटरच्या टप्प्यात वेगाची नोंद, म्हणजे रेकॉर्ड, करायची, असं मनात असेल तर कामं अशी घ्या.

आधी नियमपुस्तक, मग वेल्डिंग

अमेरिकेत या खेळाची जुनी संस्था म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, स्थापना १९३७. हौशी लोक १९४९ पासून युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठावर धावतायत. ऑगस्टमधला 'स्पीड वीक' हा त्यांचा मोठा मेळा. कॅलिफोर्नियातल्या एल मिराज या कोरड्या तळ्यावरही शर्यती होतात. तिथं मातीवर धावायचं असतं आणि अंतर बरंच कमी, त्यामुळे नवशिक्याला सराव म्हणून बरं. ऑस्ट्रेलियात असाल तर दक्षिण ऑस्ट्रेलियातलं लेक गेर्डनर. तिथला मेळा मार्चच्या सुमारास भरतो.

गाडीचा वर्ग दोन गोष्टींवर ठरतो, इंजिनाची क्षमता आणि बॉडीचा प्रकार. ७५१ ते १००० सीसी म्हणजे 'आय', ५०१ ते ७५० म्हणजे 'जे', त्याखाली ३५१ ते ५०० म्हणजे 'के'. चाकणला बनणाऱ्या ३७३ सीसीच्या केटीएम इंजिनावर पुण्याच्या कॉलेजांतली पोरं फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्या बांधतात. ते इंजिन इथं 'के'मध्ये बसेल. बॉडीच्या प्रकारांत छोट्या गाडीला सोयीचा म्हणजे 'लेकस्टर'. बॉडी निमुळती, चारही चाकं उघडी. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ साली बिल बर्क यांनी लढाऊ विमानाच्या पोटाखालची टाकून द्यायची इंधनटाकी आणली, तिच्यात इंजिन आणि स्वतःला कोंबलं, तिथून हा प्रकार सुरू झाला. चाकं झाकायला लागलात की गाडी 'स्ट्रीमलायनर' होते आणि स्पर्धा भलत्याच लोकांशी लागते. इंधन साधं की खास, टर्बो आहे की नाही, यावरून आणखी अक्षरं जोडली जातात. साधं पेट्रोल आणि बिनटर्बोचं इंजिन यापासून सुरुवात करा.

नळी विकत घ्यायच्या आधी त्या वर्षीचं नियमपुस्तक मागवा आणि आपल्या वर्गाची पानं दोनदा वाचा. नियम दरवर्षी थोडे सरकतात. आम्ही केजला, म्हणजे चालकाभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्याला, १.६२५ इंच व्यासाची, ०.१२० इंच जाडीची नळी वापरली, पण मी वापरली म्हणून तुम्ही वापरू नका. चेसिसचं रेखाचित्र तयार झालं की ते तपासनीसांना दाखवा. हे लोक स्वतः धावलेले असतात, पत्राला उत्तर देतात, आणि कागदावरची चूक खोडरबरानं निघते.

हवेचा हिशेब

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो मोडून काढायला लागणारी ताकद घनानं. आमच्या गाडीचं वजन ५०० किलो. समोरचं क्षेत्रफळ आणि विरोधाचा गुणांक यांचा गुणाकार ०.२५ चौरस मीटर धरला. मीठ रबराला धरून ठेवतं, म्हणून चाकांचा विरोध वजनाच्या ३ टक्के. या आकड्यांवर ताशी १५० मैलांना चाकांपाशी साधारण ६५ हॉर्सपॉवर लागते आणि २०० मैलांना १४०. वेग एक तृतीयांशानं वाढला, ताकद दुपटीच्या पुढे गेली.

आता मैदान कुठं आहे ते बघा. बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून ४,२०० फुटांवर आहे, आणि ऑगस्टमध्ये उन्हानं हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आपण किमान ६,००० फुटांवर आहोत असं वाटतं. बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. जाहिरातीतले १८० हॉर्सपॉवर तिथं १४८ होतात, त्यातून चेन आणि बेअरिंग आपला वाटा घेतात. म्हणजे लिटरचं, अर्थात १००० सीसीचं, इंजिन २०० मैलांच्या जेमतेम काठावर. याउलट बॉडीचा विरोध १० टक्क्यांनी कमी केला तर १२ हॉर्सपॉवर फुकट मिळतात. इंजिनातून तेवढे काढायला कॅम, पिस्टन आणि पगार लागतो.

म्हणून हिवाळ्यातले पहिले महिने थर्माकोल, पट्टी आणि पॉलिश पेपर यांच्यात घाला. चालकाला आडवं करा, इतकं की त्याचे खांदे चाकांच्या उंचीला यावेत. उघडा अ‍ॅक्सल आणि सस्पेन्शनच्या गोल नळ्या हवेला फार खुपतात, त्यांच्यावर थेंबाच्या आकाराचं आवरण चढवा. रेडिएटर काढूनच टाका. एक धाव दीड-दोन मिनिटांची असते, तेवढ्याला वीस-पंचवीस लिटरची पाण्याची टाकी आणि तिच्यात टाकलेला बर्फ पुरतो. समोर जाळी नाही, त्यामुळे हवा आत शिरून घोटाळत नाही. हवा घ्यायचं तोंड मात्र नाकावर, थेट समोर ठेवा आणि एअरबॉक्स घट्ट बंद करा. २०० मैलांना त्यात ४ किलोपास्कल जास्तीचा दाब येतो, म्हणजे तिथल्या वातावरणाच्या दाबाच्या साडेचार टक्के.

भंगारातून काय आणायचं

अपघातात गेलेली लिटरची चार सिलिंडरची बाइक शोधा. नुसतं इंजिन घेऊ नका. वायरिंगचा पूर्ण जुडगा, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), किल्ली, मीटर, एअरबॉक्स, सगळे सेन्सर असं सगळं एका खेपेत उचला. आम्ही मीटर घेतला नव्हता. चोरी रोखणारी यंत्रणा त्याच्याशी बोलत असल्यानं इंजिन सुरू होईना, आणि तो मीटर नंतर इंजिनाच्या निम्म्या भावात घ्यावा लागला.

बाइकच्या डोक्यात ती बाइक असल्याच्या बऱ्याच समजुती असतात. टिल्ट सेन्सर मूळच्याच कोनात बसवा, नाहीतर गाडी पडली असं समजून तो इंजिन बंद करतो. साइडस्टँडचा आणि क्लचचा स्विच जोडून ठेवावा लागतो. २००० सालानंतरच्या बऱ्याच लिटर बाइकांना ताशी २९९ किलोमीटरची मर्यादा घातलेली असते, आणि ईसीयू तो वेग रस्त्यावरून मोजत नाही, गिअरबॉक्सच्या फेऱ्यांवरून काढतो. तुमच्या गाडीचं गिअरिंग वेगळं, त्यामुळे ही कात्री भलत्याच वेगाला लागते. घरीच ईसीयू तपासून घ्या. मिठावर तिसऱ्या मैलात हा शोध लागला की फार वाईट वाटतं.

इंजिन बाइकमध्ये जसं आडवं होतं तसंच ठेवा, म्हणजे वेग घेताना सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळातलं, तेल नेहमीच्याच बाजूला जातं आणि चेन सरळ मागच्या अ‍ॅक्सलला नेता येते.

चेन आणि दात

मागचा अ‍ॅक्सल एकसंध, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरेन्शियल नसलेला. मधोमध स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. वळायचं नसल्यानं दोन्ही चाकं जखडलेलीच चांगली, गाडी सरळ राहते.

दातांचा हिशेब घरी कागदावर करा. २४ इंची टायर एका मैलाला ८४० फेरे घेतो, म्हणजे २०० मैलांना मिनिटाला २,८००. आमच्या इंजिनाचं प्रायमरी (क्रँकपासून क्लचपर्यंतचे गिअर) आणि सहावा गिअर मिळून गुणोत्तर १.६६. पुढं १८ दात, मागं ४२, म्हणजे आणखी २.३३. एकूण ३.८७, आणि इंजिन साधारण १०,८५० आरपीएमवर. पण मिठावर चाक घसरतं. ५ टक्के घसरण धरली तरी इंजिन ११,४०० ला पोचतं, म्हणून ताकदीचं शिखर आणि लाल रेघ यांच्यात तेवढी जागा सोडा. मागं ४०, ४१, ४३, ४४ दातांचे स्प्रॉकेट सोबत न्या. वारा समोरून आला की एक दात वाढवायचा, हवा थंड असली की कमी करायचा. ही अदलाबदल मिठावर उकिडवं बसून करायची असते, तेव्हा बोल्ट हाताला लागतील अशी रचना चेसिस बांधतानाच करा.

चेनच्या आडोशाबद्दल तपासनीस कडक का असतात ते समजून घ्या. १९२७ साली वेल्सच्या पेंडाइन वाळूवर वेगाचे विक्रमवीर पॅरी-थॉमस 'बाब्ज' गाडीत मेले आणि ठपका तुटलेल्या चेनवर आला. वाळूत पुरलेली गाडी १९६९ मध्ये उकरल्यावर चेनचा दोष नसावा असं मत पुढं आलं, पण चेन तुटली तर ती कुठं जाईल हा प्रश्न तोवर प्रत्येक नियमपुस्तकात बसला होता. चालकाच्या आणि चेनच्या मध्ये जाड पोलादी पत्रा हवा. आमचा पातळ होता, ते वर सांगितलंच.

सरळ जाणं

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि इथंच सगळ्यात जास्त लोक घाई करतात.

२०० मैलांना आमच्या गाडीला मागच्या चाकांनी सुमारे १२० किलोचा धक्का द्यावा लागतो. मागच्या चाकांवर ३०० किलो भार असेल तर घर्षणगुणांक ०.४ हवा. कोरड्या मिठावर हे निभतं, ओलसर मिठावर काठावर येतं. म्हणून इथं हलकी गाडी हा गुण नाही. लोक मुद्दाम शिसं भरतात. वजनामुळे गाडी वेग हळू घेते, पण हातात मैल आहेत.

शिसं भरायचं कुठं? मागं भरलं तर पकड वाढते. पण गुरुत्वमध्य मागं सरकला की बाणाचं पातं मागं आणि पिसं पुढं असं होतं, आणि बाजूचा वारा लागला की गाडी गिरकी घेते. हवेच्या दाबाचा मध्य गुरुत्वमध्याच्या मागं असलाच पाहिजे. याची घरगुती चाचणी अशी: गाडीचा बाजूनं फोटो काढा, आकृती पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि ती पेन्सिलीवर तोला. पुठ्ठा जिथं तोलला जातो तिथं बाजूच्या क्षेत्रफळाचा मध्य. मग चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवा, चालकाला हेल्मेटसकट आत बसवा आणि खरा गुरुत्वमध्य काढा. दोन्ही खुणा गाडीवर चिकटपट्टीनं लावा. हवेचा खरा मध्य या पुठ्ठ्याच्या मध्यापेक्षा पुढं असतो, म्हणून दोन खुणांत चांगलं हातभर अंतर ठेवा. आमच्या खुणांत पहिल्यांदा फक्त चार बोटं अंतर होतं. मग शेपटीला उभा पंख लावला, तो आणखी मोठा केला, आणि शिसं चालकाच्या मांड्यांखाली नेलं. पंख बेढब दिसतो. राहू दे.

स्टिअरिंग मंद ठेवा, हँडल बरंच फिरवल्यावर चाक थोडंसं वळेल असं. कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वळणअक्षाचा मागं झुकाव, भरपूर. टायर या वेगासाठीच बनवलेले घ्या. रस्त्यावरच्या टायरचा घेर केंद्रोत्सारी बलानं फुगतो आणि मग तो फाटतो.

माणूस बाहेर आला पाहिजे

केज, डोक्याभोवतीचा आधार, मान धरणारा पट्टा, हात बाहेर जाऊ न देणारे बंध, आगरोधक कपडे, आग विझवण्याची यंत्रणा, पॅराशूट. यांची यादी नियमपुस्तकात वेगानुसार आहे, ती इथं उतरवत नाही. पॅराशूटची दोरी गुरुत्वमध्याच्या रेषेत ओढेल अशी बांधा, वर बांधली तर ती नाक उचलते, खाली बांधली तर मागची चाकं.

बाहेर पडायची चाचणी तपासनीस घेतातच. पूर्ण पोशाखात, पट्टे आवळून, काच बंद करून बसायचं आणि सांगितलं की कोणाच्याही मदतीशिवाय बाहेर यायचं. घरी ही चाचणी डोळे बांधून करा, कारण आगीत धूर असतो. आमच्या चालकाला पहिल्या खेपेला पाऊण मिनिट लागलं. त्याचा हातमोजा पट्ट्याच्या खटक्यात अडकला, मग हेल्मेटची तार, मग स्टिअरिंग निघेना. आम्ही तिघं बाहेर उभे राहून हसत होतो. त्याची बायको हसत नव्हती. तिनं फोनवर वेळ लावून त्याला त्या रविवारी चौदा वेळा आत-बाहेर करायला लावलं. शेवटी तो दहा सेकंदांच्या आत आला.

मिठावर

मुक्काम वेंडओव्हर गावात, युटा-नेव्हाडाच्या सीमेवर. रद्द करता येईल असंच बुकिंग करा, २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षं स्पीड वीक मैदान खराब म्हणून झालाच नव्हता. गाडीखाली ताडपत्री अंथरायची, तेल मिठात सांडू द्यायचं नाही. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा. ऊन खालूनही येतं.

नवशिक्याला पहिल्याच धावेत जोर लावू देत नाहीत. परवाना पायऱ्यांनी मिळतो, १२५ मैलांखाली, मग १५० पर्यंत, १७५ पर्यंत, २०० पर्यंत, आणि प्रत्येक पट्ट्यात नीट धाव काढल्यावरच पुढचा. यात दोन-तीन दिवस सहज जातात, तेव्हा वेळापत्रक तसं आखा.

सुरुवात ढकलून करायची. गिअरिंग इतकं उंच असतं की जागेवरून निघालात तर बाइकचा ओला क्लच जळून जाईल. मागून पिकअपनं ढकलत ताशी ५०-६० मैलांच्या वेगापर्यंत न्यायचं, मग क्लच सोडायचा. पिकअपचा ड्रायव्हर आणि चालक यांनी खूण आधी पक्की ठरवावी. आमचा ड्रायव्हर ३० लाच थांबला आणि दुसऱ्या वर्षीची पहिली धाव क्लचच्या वासात संपली.

सुरुवातीच्या रेषेवर एक माणूस फक्त पिनांसाठी ठेवा. आग विझवण्याच्या यंत्रणेची पिन, पॅराशूटची पिन, दोन्हींना लांब लाल फिती. त्यानं दोन्ही पिना काढून चालकाच्या डोळ्यांसमोर धरायच्या, चालकानं मान हलवायची, मगच काच बंद.

लांब ट्रॅकवर पहिले दोन मैल वेग घेण्याचे, पुढं प्रत्येक मैलाची सरासरी मोजली जाते. गाडी मिठावर डुलत चालते, तिला थोडं डुलू द्यायचं. शेपटी सरकायला लागली तर अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात सोडू नका, भार एकदम पुढं जातो आणि मागचा भाग पुढं येतो. हळू सोडा, आणि तरीही सरकत असेल तर पॅराशूट. शेवटच्या मैलानंतर ट्रॅकमधून ठरलेल्या बाजूला बाहेर पडा, मागं दुसरी गाडी वाट बघतेय.

पॅराशूट दर धावेनंतर नव्यानं घडी करायचं. आधी ताडपत्रीवर पसरून मिठाचे खडे झटका. दोऱ्या एकेक करून सुटसुटीत करा, मग कापड नागमोडी घड्यांत. साडी चुणीत घालतात तसे हात चालतात, आणि हे काम घाईत करणाऱ्याला आम्ही तंबूतून हाकलतो.

चालू नोंदीपेक्षा जास्त वेग निघाला तर गाडी थेट कुंपणात जाते. तिथं कामाला ४ तास मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावायचं. दोन धावांची सरासरी नोंदीपेक्षा वर असली की नोंद तुमची. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची (एफआयए) नोंद हवी असेल तर तासाभरात उलट दिशेनं परत यावं लागतं, तो वेगळाच संसार. वर्गाची नोंद २०० मैलांच्या वर केली तर २०० माईल क्लबची लाल टोपी मिळते. आमच्याकडे अजून नाही. आमचा आकडा १८० च्या घरातला आहे आणि नोंद दुसऱ्याच कुणाची.

भारतातून कुणी विचारतं, कच्छचं रण आहे की. पांढऱ्या कवचाखाली तिथं चिखल असतो, भोवती अभयारण्यं आणि पलीकडे सीमा. नाद सोडा. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची ड्रॅग शर्यत किंवा पिथमपूरचा ११.३ किलोमीटरचा नॅट्रॅक्स ट्रॅक, यांची चौकशी करा.

मीठ धुणं

परतताना पहिल्या कार वॉशला थांबा. गाडी, ट्रेलर आणि पिकअप, तिन्ही खालून धुवा, गोड्या पाण्यानं, अर्धा तास तरी. घरी आल्यावर त्याच आठवड्यात गाडी पूर्ण सोडवा. मीठ चाकाच्या बेअरिंगमध्ये, वायरच्या जोडांमध्ये, केजच्या नळीच्या बारीक भोकात असतं. चेन फेकून द्या, धुऊन वाचत नाही. स्पार्क प्लग काढून क्रमानं एका लाकडी पट्टीत खोचून ठेवा, कुठल्या सिलिंडरमध्ये मिश्रण पातळ होतं ते नंतर सावकाश बघता येतं. आणि सीटबेल्टची लेबलं वाचून तारखा कॅलेंडरवर लिहा.